कोणती कचेरी मागावी?

वाशिम जिल्ह्यातील माणसाला कचेऱ्यांचा भूगोल मुद्दाम शिकवावा लागत नाही. फेरफाराचे प्रकरण तहसिलीत सुरू होऊन महसुली अपिलाच्या पायऱ्या चढत अमरावतीस विभागीय आयुक्तांपर्यंत जाते. जिल्हा न्यायालयाचा निकाल मान्य नसेल, तर पक्षकार नागपूरच्या खंडपीठाची वाट धरतो. सोयाबीनवरील किडीचा शास्त्रोक्त विचार अकोल्याच्या कृषी विद्यापीठात होतो. आणि ज्या धोरणांच्या आधारे हा सारा कारभार चालतो, ती धोरणे मुंबईस मंत्रालयात ठरतात. यांपैकी थोर कचेरी कोणती, हा प्रश्न येथे कोणी विचारीत नाही. आपले काम कोठे होते, एवढे पाहून मनुष्य एस.टी.त बसतो. आश्चर्य असे की, याच जिल्ह्यातील एखादा बुद्धिमान तरुण किंवा तरुणी व्यवस्थापनशास्त्राची उच्च पदवी पदरात पाडून एखाद्या जगद्विख्यात सल्लागार पेढीकडे अर्ज करावयास निघाली, म्हणजे हे पिढीजात शहाणपण घरीच राहते, आणि अर्जातील ‘कोणत्या शहरी नेमणूक हवी’ या रकान्यापुढे लेखणी अडखळली की मोठे शहर कोणते, नामांकित कचेरी कोणती, मित्रांनी काय लिहिले, अशा चौकश्या सुरू होतात.

व्यवस्थापन-सल्लागार पेढी म्हणजे काय, हे आता बहुतेकांस ठाऊक आहे. बँक, कारखाना, सरकारी खाते किंवा एखादी मोठी संस्था आपल्या अडचणीवर बाहेरच्या माणसांकडून उपाय मागते. पेढी चारपाच माणसांचे पथक काही आठवडे किंवा काही महिने तेथे धाडते. पथक हिशेब तपासते, माणसांशी बोलते, आकडे जुळविते आणि शेवटी काय करावे याचा अहवाल देते. या धंद्यात मालाची वखार नसते, यंत्रसामग्री नसते. माणसे आणि त्यांचा लौकिक हेच काय ते भांडवल. म्हणून अमुक गावी कचेरी आहे या विधानाला कारखान्याच्या बाबतीत जो अर्थ असतो, तो येथे नसतो. कारखान्यातील मनुष्य कारखान्यातच काम करतो. सल्लागार मात्र पुष्कळदा सोमवारी सकाळी परगावी अशिलाच्या दारी रुजू होतो आणि गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी आपल्या कचेरीत परततो. मग कचेरी कोणती यास महत्त्व ते काय, अशी शंका येणे साहजिक आहे, आणि तिचे उत्तर या धंद्याच्या इतिहासातच सापडते.

जेम्स मॅकिन्झी हे शिकागो विद्यापीठातील हिशेबशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १९२६ मध्ये शिकागोत आपली पेढी काढली. १९३७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि दोनच वर्षांत, १९३९ मध्ये, पेढीची वाटणी झाली. ही वाटणी झाली ती विषयवार नव्हे, कचेरीवार. शिकागोची कचेरी टॉम कर्नी यांच्याकडे राहिली आणि तिची पुढे स्वतंत्र, आजही चालू असलेली ‘कर्नी’ पेढी झाली; न्यूयॉर्कची बाजू मार्व्हिन बॉवर व त्यांच्या सहकाऱ्यांकडे आली आणि मॅकिन्झी हे नाव कालांतराने तिच्याकडेच राहिले. शिकागोच्या मेजावर बसलेला कालचा सहकारी आज प्रतिस्पर्धी झाला, तो केवळ त्याचे मेज शिकागोत होते म्हणून. बॉवर यांनी पुढे जी शिस्त आग्रहपूर्वक बसविली, तिचे सूत्र असे की पेढी एकच, नफ्याची थैली एकच, आणि माणूस कोणत्याही कचेरीचा असला तरी जेथे काम असेल तेथे त्याला पाठवावयाचे. ज्यांनी कचेरीवार वाटणी डोळ्यांदेखत पाहिली होती, त्यांनी एकत्र पेढीचा इतका आग्रह धरावा, यात मला तरी मोठी संगती दिसते.

परंतु सगळ्याच पेढ्या या शिरस्त्याने चालत नाहीत. ब्रूस हेंडरसन यांनी १९६३ मध्ये बोस्टनमध्ये आरंभिलेली ‘बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप’ आणि तिच्यातून बाहेर पडून बिल बेन यांनी १९७३ मध्ये त्याच शहरी काढलेली ‘बेन’, या दोन्ही पेढ्यांच्या चालीरीती निराळ्या. बेनचा लौकिक असा की, पथकातील माणसे शक्यतो एकाच कचेरीतील असावीत. तेथे एकमेकांची चांगली ओळख होते, कनिष्ठाला ज्येष्ठाच्या हाताखाली सलग शिकावयास मिळते, पण कामांचा पैस त्या कचेरीच्या अशिलांपुरता राहतो. मॅकिन्झीत दूरदूरची माणसे एका पथकात येण्याचा संभव अधिक. तेथे कामाची निवड विस्तृत, पण नवशिक्याला आपला वाली स्वतःच शोधावा लागतो. म्हणजे पहिल्या प्रकारात कचेरी निवडणे हे जवळजवळ काम निवडण्याइतकेच आहे, आणि दुसऱ्या प्रकारात ते मुख्यतः बिऱ्हाड निवडणे आहे. अर्जापूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न शहराचा नव्हे, तर हा : या पेढीत माणसांना कामावर नेमते कोण, कचेरी, देश की सारी पेढी?

कचेरी एखाद्या गावी निघते ती तेथील हवापाणी चांगले म्हणून निघत नाही, अशील तेथे असतो म्हणून निघते. शेल या तेलकंपनीचे काम मिळाल्यानंतर मॅकिन्झीने परदेशातील आपली पहिली कचेरी १९५९ मध्ये लंडनला उघडली, हे याचे ठळक उदाहरण. आपल्या देशात याहूनही जुने दाखले आहेत. इंग्रजी अमदानीत ज्यांना ‘मॅनेजिंग एजन्सी’ म्हणत, त्या पेढ्या दूरदूरच्या चहामळ्यांचा, गिरण्यांचा, खाणींचा आणि रेल्वेमार्गांचा कारभार कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या कचेरीतून पाहत असत. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा या मार्गाने यवतमाळला पूर्वी जाणारी ‘शकुंतला’ आगगाडी वऱ्हाडात कोणास ठाऊक नाही? आपल्या कारंज्याचा कापूस वाहणाऱ्या त्या अरुंद रुळांची मालकी असलेल्या कंपनीचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सन या एजन्सीकडे होता. कापूस कारंज्यात, निर्णय मुंबईत! १९७० मध्ये ही एजन्सीपद्धती कायद्याने बंद झाली. परंतु निर्णय घेणारे जेथे बसतात, तेथेच सल्ला देणारे गोळा होतात, हा नियम काही बंद झाला नाही.

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर परदेशी सल्लागार पेढ्या भारतात स्थिरावू लागल्या, तेव्हा त्यांनी याच नियमाने गावे निवडली. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे केंद्रीय कार्यालय १९३७ पासून आहे, भांडवल-बाजाराचे नियंत्रण करणारी सेबी येथेच, दोन्ही मोठे शेअरबाजार येथेच, आणि टाटांपासून अनेक उद्योगसमूहांची मुख्य कार्यालयेही येथेच. म्हणून बँका, विमा, पतपुरवठा, औषधनिर्मिती, मोठ्या घराण्यांचे उद्योग यांची कामे मुंबईच्या कचेरीकडे ओढली जातात. दिल्लीलगतच्या गुरुग्राममध्ये केंद्र सरकार, सार्वजनिक उपक्रम, आंतरराष्ट्रीय संस्था आणि उत्तरेतील मोटार-उद्योग यांचे सान्निध्य मिळते. बंगळूरला संगणक-उद्योग आणि नव्या कंपन्या. मॅकिन्झी, बोस्टन आणि बेन या तिन्ही पेढ्यांची या तीन ठिकाणी बैठक आहे. इतर शहरांचा विस्तार प्रत्येकीचा वेगवेगळा. मात्र ही वाटणी म्हणजे तालुक्यांच्या सीमांप्रमाणे आखीव रेषा नव्हे. बंगळूरचा सल्लागार मुंबईच्या बँकेत सहा महिने बसलेला आढळतो आणि मुंबईकर ओडिशातील पोलाद-कारखान्यात. फरक असतो तो संभवाचा, आणि त्याहून महत्त्वाचा म्हणजे माणसांचा : ज्या विषयाचे ज्येष्ठ भागीदार ज्या कचेरीत बसतात, तेथील कनिष्ठाला त्या विषयाची कामे, शिफारस आणि पुढचा हुद्दा यांची संधी अधिक. भागीदार कोठे बसतो ते पाहावे. शहराचे नाव नंतर.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते, कारण लहान गावांतून जाणारे उमेदवार या ठिकाणी हमखास गोंधळतात. या मोठ्या पेढ्यांनी भारतात, विशेषतः गुरुग्राम भागात, संशोधन आणि आकडेमोडीची मोठी केंद्रे उभारली आहेत. जगभरच्या पथकांना लागणारी माहिती काढणे, बाजारपेठांचे अंदाज बांधणे, कोष्टके आणि आलेख तयार करणे ही कामे तेथे होतात. काम प्रतिष्ठेचे आहे, वेतनही चांगले. परंतु ते अशिलासमोर बसण्याचे काम नव्हे, तेथील पदांची शिडी निराळी, आणि तेथून सल्लागाराच्या शिडीवर उडी मारणे शक्य असले तरी आपोआप घडत नाही. दारावरची पाटी एकच असते, शहरही एकच असते, आणि नेमणुकीच्या पत्रातील हुद्द्याचा एक शब्द तेवढा वेगळा असतो. त्या शब्दाकडे दुर्लक्ष करून सही करणाऱ्याने पुढे पेढीला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला आकड्यांशी एकांतात रमणे आवडते, त्याने हे केंद्र हेतुपुरस्सर मागावे. त्यात कमीपणा नाही. अजाणता मात्र मागू नये.

आता पसंतीक्रमाला वजन किती, याचा विचार करू. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना बदलीच्या वेळी गावांचा पसंतीक्रम भरावा लागतो, आणि त्या यादीने घरोघरी किती खल होतो, हे आपल्याकडे सर्वश्रुत आहे. तेथे यादीतील क्रमच पुष्कळ काही ठरवितो. सल्लागार पेढ्यांचे तसे नाही. भारतात भरती बहुधा देशभराची म्हणून होते : अहमदाबाद, बंगळूर, कलकत्ता येथील व्यवस्थापन-संस्था, हैदराबादची संस्था, काही आय.आय.टी. अशा मोजक्या ठिकाणी पेढी येते, आधी माणूस निवडते आणि मग कचेरी ठरविताना त्याची पसंती व आपली गरज यांचा मेळ घालते. म्हणून भारतातील अर्जात मुंबई पहिली लिहिली की गुरुग्राम, यावर निवड होणे न होणे सहसा अवलंबून नसते. त्या रकान्यावर रात्री जागविण्यापेक्षा मुलाखतीतील प्रकरण सोडविण्याचा सराव केलेला बरा.

अमेरिकेत याच्या उलट. तेथे कचेऱ्या आपापल्या जागांसाठी स्वतंत्रपणे माणसे पाहतात, मुलाखत घेणारेही पुष्कळदा त्याच कचेरीचे असतात, आणि न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोसाठी अर्जांची रीघ लागते तर मध्यभागातील एखाद्या शहरास मनापासून येऊ इच्छिणारा उमेदवार शोधावा लागतो. साहजिकच ‘आमचेच शहर का?’ हा प्रश्न तेथे हटकून येतो. तेथे जागा सुटी आहे असे ऐकले, हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. कुटुंबीय त्या भागात आहेत, शिक्षण तेथे झाले, त्या प्रांतातील शेतीमालाच्या, तेलाच्या किंवा रुग्णालयांच्या धंद्याशी पूर्वीच्या नोकरीचा संबंध आला, अशी पडताळता येण्याजोगी कारणे लागतात. आणखी एक गोष्ट विसरता कामा नये : बहुतेक पेढ्यांत एकदा नकार आला की साधारण एक-दोन वर्षे पुन्हा अर्ज करता येत नाही, आणि ही मुदत सामान्यतः साऱ्या पेढीला लागू असते, एका कचेरीला नव्हे. एका शहरी नाही जमले तर दुसऱ्या शहरी बघू, हा हिशेब त्यामुळे चुकतो.

परदेशी कचेरीचा विचार करणाऱ्याने पेढीच्या आधी सरकारांचा विचार करावा. अमेरिकेच्या ज्या एच-१बी परवान्यांवर असे नोकरदार जातात, त्यांची वार्षिक मर्यादा ६५,००० असून तेथील उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० राखीव आहेत. अर्ज याहून पुष्कळ अधिक येत असल्याने सोडत निघते. पेढीने निवडलेला, भागीदारांनी वाखाणलेला उमेदवार सोडतीत मागे राहू शकतो, आणि मग पेढी त्याला दुसऱ्या देशातील कचेरीत काही काळ ठेवण्याची तजवीज करीत बसते. जर्मनी, फ्रान्स किंवा जपान येथे अडथळा वेगळा. अशिलाच्या कारखान्यातील मुकादमाशी त्याच्या भाषेत बोलता आले पाहिजे. पुस्तकी परिचय तेथे पुरत नाही. आखाती देशांतील कचेऱ्यांत इंग्रजीवर बरेचसे काम भागते, कामांचा मोठा भाग सरकारांचा आणि सरकारी भांडवलाच्या संस्थांचा असतो, आणि भारतातून तेथे जाणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी आहे. माझे मत विचाराल, तर ज्याला परदेश हवा त्याने प्रथम भारतातील कचेरीत दोन-तीन वर्षे नाव कमवावे आणि मग अंतर्गत बदली मागावी. परक्या दारी अनोळखी उमेदवार म्हणून उभे राहण्यापेक्षा ओळखीचा सहकारी म्हणून जाणे केव्हाही सोपे.

लहान कचेरी की मोठी, हा वाद जुना आहे, आणि वाशिमकराने तरी लहान गादीला तुच्छ लेखू नये. वाकाटकांच्या दोन शाखा. रामटेकजवळच्या नंदिवर्धनाची गादी इतिहासकार मुख्य मानतात, आणि दुसरी सर्वसेनाने वत्सगुल्मास, म्हणजे आपल्या वाशिमास, स्थापिलेली. परंतु अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविणारा वराहदेव हा अमात्य होता तो वत्सगुल्म शाखेच्या हरिषेणाचा. लहान कचेरीत हेच घडते : माणसे थोडी, म्हणून नवशिक्याला अशिलासमोर बोलण्याची पाळी लवकर येते, भागीदार त्याला नावाने ओळखतो आणि चांगले काम दडून राहत नाही. मात्र दुसरी बाजूही वाशिमच्याच इतिहासात आहे. इंग्रजी अमदानीत वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता; १९०५ मध्ये वऱ्हाडच्या पुनर्रचनेत तो मोडला आणि वाशिम अकोल्यास जोडले गेले, आणि पुन्हा जिल्ह्याची कचेरी येण्यास १ जुलै १९९८ उजाडावा लागला. गावात काही बिघडले नव्हते. बिघडला तो वरच्यांचा नकाशा. लहान कचेरी तिच्या एका मोठ्या अशिलावर किंवा एका भागीदारावर तोललेली असेल, तर तो अशील वा तो भागीदार गेल्यावर तेथील माणसांचे काय होते, हे आधी विचारून घ्यावे.

घरच्या गोष्टींचा उल्लेख अर्जात करावयाचा नसतो, म्हणून विचारही करावयाचा नसतो असे नव्हे. वडील शेती पाहतात, आजी आजारी असते, धाकट्या भावंडाचे शिक्षण व्हायचे असते. अशा घरातून गेलेल्या माणसाला वर्षातून कितीदा घरी येता येईल, हा प्रश्न क्षुद्र नाही. समृद्धी महामार्गामुळे कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या भागांतून मुंबईकडे आणि नागपूरच्या विमानतळाकडे जाणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुकर झाले आहे. या दृष्टीने मुंबईची कचेरी वाशिमला गुरुग्राम-बंगळूरहून जवळची. पण आठवड्यातील चार दिवस परगावी घालविणाऱ्या माणसाला मुंबईतील घरभाडे खोलीपुरतेही वसूल होत नाही, हेही खरे. ज्याची उपजीविका प्रवासात जाणार आहे, त्याने निवासाचे शहर निवडताना विमानतळ किती दूर आणि घरभाडे किती, हे दोन आकडे कागदावर मांडावेत. समुद्रकिनारा आणि हवामान यांचा विचार त्यानंतर.

राहता राहिले वाशिमचे स्वतःचे काम. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात देशातील ११२ जिल्हे आहेत. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव आणि वाशिम हे चार. आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व जलसंपदा, वित्तीय समावेशन व कौशल्य, आणि पायाभूत सुविधा या पाच क्षेत्रांतील ४९ निर्देशांकांवर या जिल्ह्यांची प्रगती मोजली जाते. ही मोजणी, त्यातील उणिवा शोधणे आणि खात्याखात्यांत मेळ घालणे हे स्वरूपतः सल्लागाराचेच काम होय, फरक इतकाच की अशील येथे जिल्हाधिकारी कचेरी आहे. राज्य सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये तरुण पदवीधरांना शासनाच्या कचेऱ्यांत ठराविक मुदतीसाठी नेमले जाते. वेतन मोठ्या पेढीच्या तुलनेत कमी; परंतु पुढे सार्वजनिक क्षेत्राची कामे करणाऱ्या सल्लागार-शाखेत जावयाचे असेल, तर तहसील, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांचा कारभार आतून पाहिलेला उमेदवार मुलाखतीत जे बोलू शकतो, ते केवळ पुस्तके वाचलेल्यास बोलता येत नाही. अशा उमेदवाराने गुरुग्राम पहिल्या क्रमांकावर लिहिण्यास खरे कारण आहे, आणि ते कारण त्याने संकोच न करता सांगावे.

ज्याला बँका, उद्योगसमूह किंवा शेतीमालावर चालणारे कारखाने यांत रस आहे, त्याने मुंबई लिहावी. ज्याचा जीव संगणकात, त्याने बंगळूर. आणि ज्याला अजून काहीच ठरविता आलेले नाही, त्यानेही मुंबईच लिहावी, कारण तेथील कामांची विविधता सर्वांत मोठी. मात्र अर्ज धाडण्यापूर्वी त्या पेढीत सध्या नोकरीस असलेल्या, आपल्या महाविद्यालयाच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याशी अर्धा तास बोलून, गेल्या वर्षी तो कोणकोणत्या अशिलांच्या धंद्यांत, कोणत्या गावी आणि कोणाच्या हाताखाली होता, एवढे तीन प्रश्न विचारल्यावाचून त्या रकान्यात काहीही लिहू नये.